चालते ती डोंबारी

भास्कर गेल्याचा फोन बावड्याच्या एसटीडी बूथवरून आला. त्याचा मेहुणा बोलत होता. "दाजी गेलं, सर," तो म्हणाला. तिकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

भास्कर बावड्याच्या पोस्टात होता, मी बारामतीला शाळेत. आमच्या दोघांत एक जुनी दुर्बीण होती आणि रविवारची सकाळ. माझ्या स्कूटरवरून आम्ही कऱ्हाटीच्या माळावर जायचो. मोठे, देखणे पक्षी कुणालाही ओळखता येतात. आम्हाला वेड होतं ते चिमणीएवढ्या मातकट पाखरांचं. घरातल्या चिमणीची मादी, बाभळीवर बसणारी रानचिमणी आणि माळावरच्या डोंबारी पक्ष्याची मादी... दुरून तिघी सख्ख्या बहिणी. रानचिमणीच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका तर हवा तेव्हा कधीच दिसत नाही. आम्ही भांडायचो, चहाच्या पैजा लावायचो. एकदा भास्कर ढेकळांत पालथा पडून बराच वेळ बघत राहिला आणि एकदम ओरडला, "लेका, रंग बघू नगं, पाय बघ! चिमणी टुणटुण उड्या मारती, डोंबारी चालती!" पाखरू अर्थातच उडालं. पण त्या दिवशी परतताना स्कूटरवर माझ्या मागं बसून तो पार लासुर्ण्यापर्यंत गात होता.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. समजायचं सगळं, तोंडातून फक्त "हे... हे..." यायचं. हिवाळ्यात सुमनवहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा माळावर न्या की त्यांना. घरात कोंडल्यागत झालंय." जीप ठरवून आम्ही त्याला नेलं. जवळच एक मातकट पाखरू उतरलं. मला खरंच कळेना. "चिमणी?" मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. "रानचिमणी?" तो चिडला, डोळ्यांत पाणी आलं, आणि डाव्या हाताची दोन बोटं त्यानं माझ्या तळहातावर चालवली. "डोंबारी!" मी म्हणालो. तो असा हसला... मला वाटलं, बोलणं गेलं तरी आमचं भागेल.

भागलं नाही. शेवटच्या भेटीत त्याला काहीतरी सांगायचं होतं. तो छातीवर हात ठेवायचा, मग दाराकडे दाखवायचा. पाणी? डॉक्टर? थोरल्या लेकीला बोलवायचंय? बाहेर बसायचंय? मी विचारत राहिलो, वहिनी विचारत राहिल्या. प्रत्येक वेळी मान नाही म्हणायची. त्याला घाम फुटला. शेवटी त्यानंच माझा हात थोपटला, राहू दे म्हटल्यासारखा, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. रविवारी येतो, असं त्याच्या पाठीला सांगून मी निघालो. त्या रविवारच्या आधीच तो गेला.

परवा बावड्याला जाऊन आलो. त्याची खाट अजून दाराशी तशीच आहे. चहाचा कप पुढं ठेवता ठेवता वहिनी थांबल्या.

"भावजी, त्या दिशी धाकट्या लेकाला बोलवा म्हणत असत्याल का?"

मागच्या खेपेला त्यांनी शेताचं विचारलं होतं, त्याआधी सासूबाईंच्या फोटोचं.

"असेल, वहिनी," मी म्हणालो.

त्या खाटेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "न्हाय... ते न्हवतं."