एसीतला बर्फ

नागपुरात मे महिन्यात घरातली सगळी कामं एसीच्या खोलीत येतात. पंख्याखाली कापूस उडतो, म्हणून आई फुलवातीही तिथेच वळत बसते, अगदी एसीखाली.

परवा दुपारी एसीचा वारा मंदावला आणि पाणी ठिबकायला लागलं. झाकण उघडलं, तर आतल्या नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं आणि आमच्या भिंतीवर हा हिवाळा. मी बघतच राहिलो. मग सुरीने खरवडायला निघालो.

"टोचू नकोस, नळी फुटेल," आई म्हणाली. "बंद ठेव. आपोआप सुटेल."

एसी बंद करून जाळी काढली. तिच्यावर कापसाच्या तंतूंचा मऊ थर बसला होता. खोलीतली गरम हवा आत पोचतच नव्हती, म्हणून गारवा नळ्यांवरच गोठत गेला होता. मला त्या यंत्राचं फार कौतुक वाटलं. थंडावा द्यायला त्यालाही आमची ऊब लागते. ती मिळाली नाही, की ते स्वतःच गारठून जातं. माणसंही अशी गोठत असतील आणि आपण सुरी घेऊन निघतो.

बर्फ वितळेपर्यंत संध्याकाळ झाली. धुतलेली जाळी वाळवून बसवली आणि गार झुळूक पुन्हा वाहू लागली. आईने कापसाचं तबक उचललं आणि ती लांब दारापाशी जाऊन बसली. तिथे झुळूक पोचत नाही. तिच्या कपाळावर घाम आला.

"इकडे ये ना," मी म्हणालो.

"असू दे," ती वात वळत म्हणाली. "त्यालाही श्वास घेऊ दे."