अंगठ्यात सुई नको

सातवीनंतर माझी शाळा सुटली. भंडाऱ्याकडून इतक्या लांब सोलापूरला आले ती आजारी माणसं सांभाळायच्या कामाला. आपण बोलायला जाऊ आणि चुकू, ही धास्ती कायम. म्हणून शिकलेल्यांसमोर मी गप्पच असते.

मी सांभाळते त्या अम्मांनी सारा जन्म विड्या वळल्या. लकवा झाल्यापासून त्यांच्या डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतायची. मूठ धुवायला गेलं की त्या ओरडायच्या आणि डोळ्यांत पाणी माझ्या यायचं.

डॉक्टरबाईंनी सुई सुचवली. म्हणाल्या, "नासलेल्या अन्नात एक जंतू वाढतो, त्याचं हे विष. 'आवळ' असा निरोप नसेतून स्नायूकडे जातो, तो हे विष नसेच्या टोकाशीच अडवतं. अगदी थोडं, मोजून द्यायचं. तीनेक महिने स्नायू सैल राहतो."

अम्मांचा मुलगा दचकला. "आईला विष देताय व्हय?"

"घाला की बाई," अम्माच म्हणाल्या. "जन्मभर तंबाकूची धूळ खाल्ली, ह्या थेंबानं काय हुतंय?"

डॉक्टरबाई पेनानं खुणा करू लागल्या. आधी बोटांच्या स्नायूंवर, मग अंगठ्याच्या. परकराच्या नाडीचं एक टोक अम्मा त्याच आखडलेल्या अंगठ्यात धरतात आणि उजव्या हातानं गाठ मारतात. तेवढं एक काम त्या मला करू देत नाहीत. अंगठा सैल पडला तर तेही जाणार. आणि हे मुलासमोर सांगायचं कसं?

"अण्णा, जरा बाहेर थांबता?" मी म्हटलं. तो गेल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरबाईंनी अंगठ्यावरची खूण स्पिरिटनं पुसली. "बरं झालं बोललात. हे मला कळलंच नसतं."

चार दिवस काहीच फरक नाही. माझी झोप उडाली. आठवडा उलटला तशी बोटं सैल होत गेली, आणि एके सकाळी कोमट पाण्यानं मी अख्खा तळवा धुतला. अम्मा ओरडल्या नाहीत. मग परकर देऊन मी पाठ फिरवली.

"भिंतीकडं काय बघतीस? लुगडं आण की!"

वळले, तर गाठ पक्की बसली होती.

परवा पुन्हा सुईची वेळ आली. डॉक्टरबाईंनी मला शेजारी खुर्ची दिली आणि विचारलं, "सांगा, या वेळी कुठं कुठं?" त्यांचे उपकार मानत, न अडखळता, अंगठा सोडून मी एकेक बोट दाखवत गेले.