चिंगीचा दुधाचा सुळा

आमची कुत्री चिंगी सात महिन्यांची, आणि तोंडाला वास म्हाताऱ्या कुत्र्यासारखा. खाणं बदलून पाहिलं, वास जाईना. शेवटी डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि हसले. "दुधाचा सुळा पडलेलाच नाही. नवा त्याला खेटून आलाय, मधल्या फटीत अन्न कुजतंय." भूल देऊन त्यांनी तो काढला आणि कापसात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला.

लहानपणी पडलेला दात आम्ही कौलांवर टाकायचो, म्हणजे नवा लवकर येतो. "तुझा हात नाही पोचायचा. दे इकडे, आणि डोळे मीट," आई म्हणायची. कौलांवर टक्कन आवाज झाला की मी निर्धास्त.

आई गेल्यावर तिच्या कुंकवाच्या पेटीत एक चिंधीची पुरचुंडी सापडली. आत माझे दात होते, तांदळाएवढे. मग कौलांवर वाजायचे ते खडेच असणार.

चिंगीला घेऊन घरी आलो, तर पार्किंगचा पत्रा समोर दिसला. मी खाली वाकलो, एक खडा उचलला आणि वर भिरकावला. पत्रा वाजला. चिंगीने कान टवकारले.

सुळा माझ्या खिशातच होता.