काचेतले देव

नव्वदीच्या सुरुवातीला बदलापूर गावातल्या जुन्या दगडी धर्मशाळेत एका रिटायर मास्तरांनी छोटंसं संग्रहालय मांडलं होतं. मला असल्या ठिकाणी जायचा भारी कंटाळा. अंबरनाथच्या आमच्या फॅक्टरीला शुक्रवारची एकच सुट्टी, ती काय गंजक्या तलवारी बघण्यात घालवायची? पण आई हट्टाला पेटली, म्हणून निघालो.

आत मास्तर एकटेच होते. आम्हाला बघून घरी पाहुणे आल्यासारखे खूश झाले. दिवे, धान्याची मापं, जुनी कुलपं, काय काय दाखवत सुटले. मी जांभया दाबत मागून चाललो होतो. आई मात्र एका काचेच्या पेटीपाशी थांबली ती हलेचना.

पेटीत देव्हाऱ्यातले पितळी टाक होते, देवांची चित्रं ठोकून उठवलेले छोटे पत्रे. ते नदीच्या गाळात सापडल्याचं मास्तरांनी सांगितलं.

"कुणाच्या घरातले, कोण जाणे. कळलं तर देऊन टाकीन."

"आमच्या," आई म्हणाली.

ही काय बोलून बसली! पण तिनं काचेवर बोट टेकवून दाखवलं. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आजीनं, राखेनं घासून घासून खंडोबाच्या घोड्याचं तोंड पार सपाट केलं होतं. दुसऱ्या टाकाच्या कोपऱ्याला तांब्याचा तुकडा डागलेला होता. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजीनं आपल्या हातानं देव उल्हास नदीत सोडले, एवढं मलाही ठाऊक होतं.

मास्तरांनी लगेच पेटी उघडली आणि टाक आईच्या ओंजळीत ठेवले.

"न्या ताई. तुमचेच आहेत."

आई ते पदरानं पुसत राहिली. तिचे डोळे भरलेले बघून मलाही गलबलून आलं. पण जीव धास्तावलाही. घरात बुद्धमूर्ती, वडील एकदम कडक. आता हे नेऊन ठेवायचे कुठे?

आईनं एकेक टाक परत पेटीत मांडला.

"नको मास्तर. नदीवरनं आल्यावर सासूबायना कितीतरी दिवस जेवण गेलं नाय. रडायच्या, आन् रडता रडताच बोलायच्या, सोडले तेच बरं केलं, माझी नातवंडं ताठ मानेनं चालतील. आता मी ह्ये घरी नेले, तर त्यांचं रडणं फुकट जाईल."