डोळे मिटून ऐकलेली मोटार

दुष्काळात वडवणीच्या बंद दूध सोसायटीत विहिरीवरच्या मोटारींच्या दुरुस्तीचा वर्ग भरायचा. बसची वाट बघत मी बाहेर तिच्या खिडकीशी थांबायचो. विहिरी कोरड्या, मग पंप चालवून दाखवायचा कसा? पण शिकवणाऱ्या बाईंनी पाणी होतं तेव्हाच गावोगावच्या मोटारींचे आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवले होते.

"डोळे मिटा. बिघाड कानानं धरा."

"बेरिंग गेली!" वर्ग अचूक सांगायचा. मी थक्क.

एकदा न राहवून विचारलं, "बाई, आता मोटारी लावतंय कोण?"

"पाणी आल्यावर समद्यांच्याच अडतील. तवा शिकायला येळ न्हाई मिळायचा."

मग त्यांनी शेवटचा आवाज लावला. धडधाकट मोटार, हौदात कोसळणारं पाणी. बिघाड काहीच नव्हता, तरी कुणी डोळे उघडेना. माझी बस आली, गेली. माझेही मिटलेलेच होते.