तीन उस्ताद आणि एक पर्स

माझं शेवटचं पोस्टिंग भिंगारला झालं. मी त्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्याच्या डोंगरातला. सारी नोकरी बर्फात आणि वाळूत काढल्यावर सरकारला माझी दया आली आणि निवृत्तीच्या तोंडावर त्यानं मला घराजवळ आणून सोडलं. काम होतं अनआर्म्ड कॉम्बॅट इन्स्ट्रक्टरचं. म्हणजे हातात शस्त्र नसेल आणि समोर शत्रू असेल तर काय करायचं, ते जवानांना शिकवायचं.

मी कराटेवाला. ब्लॅक बेल्ट. माझ्या जोडीला आणखी दोघे इन्स्ट्रक्टर होते. नायक भापकर पारनेरकडचा, तालमीत वाढलेला पैलवान. त्याची मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरा लान्स नायक दलवीर, हरियाणाचा बॉक्सर. नाक दोनदा मोडलेलं, आणि त्याचा त्याला अभिमान.

सकाळी पीटी, मग क्लास, संध्याकाळी गेम्स. आणि मधल्या वेळात आमचं भांडण. कुठली विद्या श्रेष्ठ? सिव्हिलियन लोकांना वाटतं की फौजी माणूस मोकळ्या वेळात देशाच्या सुरक्षेवर बोलतो. आम्ही यावर बोलायचो.

माझं म्हणणं सरळ होतं. कराटेत हात, पाय, कोपर, गुडघा, सगळं वापरतात. अंतर राखून मारता येतं. रस्त्यात चौघांनी घेरलं तर एकाला मिठी मारून बसणं परवडत नाही.

भापकर म्हणायचा, "दिघे हवालदार, तुमी हवेत लाथा मारता. लई भारी दिसतं. पन आमी रोज खऱ्या मानसाला धरतो, आन् तो मानूस रोज सुटायला बघतो. एकदा कंबर हातात आली की तुमचं सगळं अंतर संपलं."

दलवीरचा मुद्दा वेगळा. "उस्ताद, आपके यहाँ छूकर वापस आते हैं. हमारे यहाँ लगता है. जिसने मार खाई नहीं, वो मारेगा क्या?"

खरं सांगतो, दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. आमच्या स्पॅरिंगमध्ये ठोसा नेमका पोचवायचा आणि पोचताच आवरायचा, यालाच पॉइंट मिळतो. त्याला फार ताबा लागतो. पण हे मी त्या दोघांपुढे कबूल करणं शक्य नव्हतं. तसा मी थोडा हेकट आहे. बायको थोडा म्हणत नाही.

रेझिंग डे आला. पलटणीचा वाढदिवस. सकाळी स्मारकावर पुष्पचक्र, नंतर आमच्या तिघांचा डेमो. डेमोत पहिला कोण, यावरून पहाटेपासून ग्राउंडवर जुंपली. सुभेदार मेजर साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं.

"दिघे."

"साहेब."

"गायकवाड बाईंना घरून आणायचंय. जिप्सी घेऊन जा."

"जी साहेब."

"या दोघांनाही ने. निदान ग्राउंड शांत राहील."

गायकवाड बाई म्हणजे भिंगारमधल्या निवृत्त शिक्षिका. चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा, लान्स नायक प्रकाश गायकवाड, आमच्याच पलटणीचा. माझ्या कंपनीत वायरलेस सेटवर होता आणि सरहद्दीवरच्या चौकीवर शहीद झाला. त्याचं मेडल बाई वर्षभर कपाटात ठेवायच्या आणि या एका दिवशी छातीवर लावून स्मारकापुढे उभ्या राहायच्या. मुलाचं तेवढंच काय ते त्यांच्यापाशी होतं, बाकी ट्रंकेतले कपडे.

आम्ही डेमोच्या वेषातच निघालो. मी पांढऱ्याशुभ्र कराटेच्या ड्रेसमध्ये, दलवीर चड्डी-बनियनवर, भापकरनं लंगोटावर ट्रॅकसूट चढवलेला. बाजाराचा दिवस. जिप्सी आत जाईना, म्हणून ड्रायव्हरला बाजाराच्या तोंडाशी सोडून आम्ही पायी गेलो. वाटेत एका भाजीवालीनं मला हटकलं, "ओ, दवाखान्यातलं का तुमी? गुडघ्याला काय लावावं?" भापकर घराच्या पायरीपर्यंत हसत होता.

बाई तयारच होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला काळी पर्स. पर्स थोपटून म्हणाल्या, "मेडल यात आहे. चल."

परतताना भापकर सगळ्यात पुढे, गर्दी बाजूला करत. मध्ये दलवीर. मागे बाई आणि मी. बंदोबस्त चोख होता. एका बाईसाठी तीन इन्स्ट्रक्टर.

मागून एक पोरगेला माणूस आला, बाईंच्या खांद्यावरची पर्स हिसकली आणि पुढे पळाला. बाई ओरडल्या, "अरे, मेडल!"

मी दोन ढांगांत त्याच्या पुढे गेलो. पवित्रा घेतला. पोटातून आरोळी दिली. तो जागीच थिजला. मी उजव्या हाताचा ठोसा त्याच्या बरगडीखाली नेमका पोचवला. स्वच्छ पॉइंट. कुठल्याही पंचानं झेंडा वर केला असता. आणि मी ठोसा आवरला, दोन पावलं मागे आलो, ताठ उभा राहिलो आणि झेंड्याची वाट पाहू लागलो.

चोरानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नाही. मग तो माझ्या बाजूनं निघून गेला.

पुढे दलवीर. डाव्या हाताचा जॅब, उजव्याचा हुक. चोर आडवा. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. पण समोरचा पडला की बॉक्सरनं मोकळ्या कोपऱ्यात जायचं असतं. दलवीर मुकाट्यानं मागे सरला, शेजारच्या पानटपरीला पाठ लावली, दोन्ही हात वेफर्सच्या माळांवर टेकवले आणि पंचानं आकडे मोजण्याची वाट पाहत उभा राहिला. पंच नव्हता. चोर सावकाश उठला आणि पळाला.

"पर्स घ्या त्याच्याकडून!" बाई मागून ओरडत होत्या. "अरे पर्स!"

मग भापकर. त्यानं हात धरला, कंबरेत घुसला आणि असा धोबीपछाड टाकला की कांद्याच्या ढिगावरचे कांदे घरंगळले. दोन्ही खांदे जमिनीला. चितपट. सगळा बाजार उभा राहिला. "वा रं पठ्ठ्या!" कुणीतरी शिट्टी मारली. झालं. भापकर उठला, मांडीवर थाप मारली, हात उंचावला आणि चारी बाजूंना सलामी देत गोल फिरू लागला. एका म्हाताऱ्यानं आपला पटका काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. भापकर वाकून त्याच्या पाया पडत होता तेव्हा चोर पर्ससह डावीकडच्या गल्लीत शिरला.

तिघांनी मारलं होतं. पर्स एकानंही घेतली नव्हती.

"गल्ली बंद आहे पुढे!" बाई जीव खाऊन ओरडल्या. चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग गप्प करणारा आवाज तो. पण मधेच फाटला आणि पुढे नुसती हवा आली.

त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. पर्स भिंतीपलीकडे फेकली तर? चोराला मेडल म्हणजे पितळेचा तुकडा. मी त्या गल्लीच्या तोंडाशी धावलो. जिप्सी तिथून चार पावलांवर उभी होती. ड्रायव्हरनं वायरलेस सेट माझ्या तोंडापुढे धरला; पलीकडे सुभेदार मेजर साहेब.

"दिघे, कुठे आहात? ओव्हर."

"बाजारात, साहेब. फाइट चालू आहे. ओव्हर."

"तिघांची आपसात? ओव्हर."

"चोराशी, साहेब. बाईंची पर्स मारली. मेडल आत आहे. ओव्हर."

सेट क्षणभर खरखरला.

"जिंकतंय कोण? ओव्हर."

"तिन्ही राउंड आपले, साहेब. पर्स त्याच्याकडे. ओव्हर."

"गाढवांनो, बसा त्याच्यावर! आऊट."

इतका स्पष्ट हुकूम मला अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता.

चोर भिंत गाठून परत फिरला होता. आम्ही तिघे एका ओळीत गल्लीत शिरलो. दलवीर हात वर धरून पुढे सरकत गेला आणि त्याला भिंतीकडे रेटत राहिला. मी बाजूनं घुसून त्याचा पुढचा पाय झाडला. तो खाली आला, आणि त्याच्यावर भापकर आला. बसला. मी पर्स ओढून घेतली.

"उठू का आता?" भापकरनं विचारलं.

"अजिबात नाही."

"याला उठवा हो साहेब," खालून चोर म्हणाला. "म्या पळत न्हाई. मला श्वास न्हाई."

पोलीस येईपर्यंत भापकर हलला नाही. पटका अजून डोक्यावरच होता.

बाईंनी पर्स उघडली. डबी उघडली. मेडल जागेवर होतं. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. मग त्यांनी माझ्या दंडावर एक चापट मारली. नीट मारली. आवरली नाही.

आता मी सुप्याला कारखान्यात सिक्युरिटीवर आहे. तिथली पोरं विचारतात, कराटे शिकू की बॉक्सिंग की कुस्ती? मी सांगतो, काहीही शिका, पण खेळ कुठे संपतो तेही शिका. आणि आधी पर्स घ्या.

त्या दिवशी स्मारकावर आम्ही वेळेत पोचलो. मेडल बाईंच्या छातीवर उजवीकडे मीच लावलं. आपलं मेडल डावीकडे, गेलेल्या माणसाचं उजवीकडे. आमच्या पलटणीत रेझिंग डेला शहिदांची हजेरी घेतात. नाव पुकारलं की घरचं माणूस उत्तर देतं.

प्रकाश सहा फूट उंच, पण त्याला मारामारी येत नव्हती. मी कराटे शिकवायला घेतलं तर पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार केला आणि पळून गेला. चौकीवर तोफगोळे पडायला लागले तेव्हा मात्र पळाला नाही. सेटवर बसून जखमींसाठी मदत मागत राहिला. मदत आली. त्या जखमींत मी होतो. तो नव्हता. मला त्याची आठवण येते. रोज येते.

"लान्स नायक प्रकाश गायकवाड!"

बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. ग्राउंड शांत. सुभेदार मेजर साहेब कागदावरून नजर न काढता थांबले होते. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

मी पाय जुळवले आणि ओरडलो. माझ्या डाव्या बाजूनं भापकर आणि उजव्या बाजूनं दलवीर त्याच क्षणी ओरडले. कुणी काही ठरवलं नव्हतं.

"हाजिर, साहेब!"

साहेबांनी प्रकाशच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.