विलायती चॅनल आणि मार्थाबाई

मला इंग्रजी येतं, असा माझ्या सासुरवाडीचा समज होता. तो मी कधी पसरवला नाही. फक्त अडवलाही नाही.

पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी मी टेबलावर काढली. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' याच्या पुढं माझं इंग्रजी कधी गेलंच नाही, कारण तेवढ्यावर साहेब सही करून मोकळे व्हायचे. पण आटपाडीत माझे सासरे नाना आणि त्यांच्या थोरल्या बहीण आत्याबाई यांची खात्री होती, की विलायतेत कुणाला एखादा शब्द अडला तर तो माणूस थेट सांगलीला, विश्रामबागेत, जावईबापूंना फोन लावतो!

आमचा मुलगा महेश तिकडं इंग्लंडमध्ये नोकरीला. मध्यंतरी तो मेंढरांच्या जत्रेला गेला होता. (तिकडं मेंढरांचीही जत्रा भरते. नानांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं, त्यामुळं नातवानं विलायतेत जाऊन केलेली ही एकच गोष्ट त्यांना पसंत पडली.) तिथं टीव्हीवाले शूटिंग करत होते, आणि त्यात महेश सापडला. त्यानं काहीतरी खटपट करून तिथलं चॅनल आमच्या टीव्हीवर लावून दिलं आणि फोनवर म्हणाला, "बाबा, उद्या दाखवणार आहेत. कधी ते माहीत नाही. दिवसभर लावून ठेवा."

एवढ्यावर मी थांबलो असतो तर ही हकिकत घडली नसती. पण त्याच सुमारास साताऱ्याच्या सुभेदार पुकळ्यांच्या तेजश्रीशी महेशचं जमत आलं होतं. दोघांचं फोनवर बोलणं झालेलं, सुपारी तेवढी फुटायची राहिलेली. मी उत्साहाच्या भरात सुभेदारांना फोन केला, "या की उद्या! मुलगा टीव्हीवर बघा!"

बायको, सुमन, म्हणाली, "आवं, म्हेश दिसणार मिनिटभर. बाकी दिवसभर पाहुण्यांनी काय बघायचं?"

"सगळं बघायचं! मी मराठीत सांगतो की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. सोफ्यावर सुभेदार, त्यांच्या मिसेस आणि तेजश्री. (मुलगी जनावरांची डॉक्टर. बोलायला कमी. हे मला फार चांगलं लक्षण वाटलं.) खुर्चीत आटपाडीहून आलेल्या आत्याबाई. नाना खाली चटईवर, भिंतीला टेकून. आणि टीव्हीच्या शेजारी, हातात छडी तेवढी नाही, असा मी.

सुरुवात झकास झाली. एक नवराबायको घर विकत घ्यायला हिंडत होते. पडद्याच्या तळाशी ते काय बोलतात ते इंग्रजीत लिहून येत होतं, ते वाचून मी धडाधड सांगत होतो. "बाई म्हणतेय, स्वयंपाकघर लहान आहे. बुवा म्हणतोय, बाग मोठी आहे."

"तीन घरं बघितली," आत्याबाई म्हणाल्या, "तिन्हीकडं कुणी चा बी इचारला न्हाई! कसली माणसं म्हनायची ही!"

सुभेदार मान डोलवत म्हणाले, "वा साहेब! इंग्लिश एकदम टाइट आहे तुमचं!"

आणि तेवढ्यात तळाची अक्षरं गेली.

झालं होतं असं, की आत्याबाई पाणी पिऊन परत खुर्चीत बसल्या त्या रिमोटवर बसल्या, आणि कुठलंसं बटण दाबलं गेलं. आता आत्याबाईंच्या गुडघ्यांची गोष्ट अशी, की एकदा बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं आणि एक देवाचं नाव लागतं. शिवाय रिमोट मागायचा तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, की जावईबापू ऐकत नव्हते, वाचत होते! मी खाकरलो, पाय घट्ट रोवले आणि अंदाजानं गाडी हाकायला सुरुवात केली.

पुढचा कार्यक्रम केक करण्याच्या स्पर्धेचा. एक बाई भट्टीसमोर बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"काय झालं वो तिला?" सुभेदारांच्या मिसेसनी विचारलं.

एवढं कोण रडतं? मी म्हटलं, "नवरा गेला बिचारीचा."

"आगं आई गं!" आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. मिसेसनी हुंदका दिला. सुमन आत जाऊन सगळ्यांना पाणी घेऊन आली. एवढ्यात टीव्हीतली बाई डोळे पुसून खदाखदा हसली, आणि एका उंच बुवानं तिला मिठीत घेतलं!

"आगं बया!" आत्याबाईंचा पदर खाली आला. "आजून दिस बी घातलं न्हाईत की गं त्याचं!"

मी म्हटलं, "तिकडची पद्धत वेगळी असते."

सुभेदारांनी तेजश्रीकडं पाहिलं. तेजश्री तोंडाला रुमाल लावून खाली बघत होती. पोरगी फार हळवी आहे, असं मला वाटलं.

मग बातम्या लागल्या. इथं घात झाला! एक कोट घातलेला माणूस नकाशासमोर हात फिरवत घाबऱ्याघाबऱ्या बोलत होता आणि दर वाक्यात 'मार्था, मार्था' म्हणत होता. मधूनच बंद शाळा, ओस पडलेले रस्ते, खिडकीला फळ्या ठोकणारी माणसं. मला जेवढे शब्द लागले तेवढे मी जोडले.

"मार्था नावाची एक बाई आहे," मी सांगितलं. "फार डेंजर. पश्चिमेकडून आलीय. सरकारनं सांगितलंय, कुणी घराबाहेर पडू नका."

"एकली बाई?" आत्याबाई.

"एकटीच."

"आन एवढी पोलीस-मिलिटरी काय करती?" सुभेदार ताठ बसले.

"कुणाच्यानं आवरत नाही म्हणतायत." (हे वाक्य त्यानं खरंच म्हटलं असावं.)

तेवढ्यात त्या माणसानं नकाशावर बोट ठेवलं, आणि तिथं महेशच्या गावाचं नाव होतं! ते मात्र मला वाचता आलं. सगळ्यांनाच आलं.

सुमननं फोन उचलला. सगळ्यांना ऐकू यावं, म्हणून स्पीकर लावून टीपॉयवर ठेवला.

"म्हेश! आरं, ती मार्था का कोण, तुझ्या गावात आलीया व्हय?"

"तुम्हाला कसं कळलं? काल रात्रीच आली, आई!"

सुभेदार सोफ्याच्या कडेला सरकले.

"कुठं आली?" सुमनचा आवाज चिरकला.

"कुठं म्हणजे? इथंच! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दारं-खिडक्या नुसत्या खडखडत होत्या."

सुभेदारांच्या मिसेसनी तेजश्रीचा हात घट्ट धरला.

"आन आता?"

"आता जरा शांत आहे. पण संध्याकाळी परत जोर धरणार म्हणतात. मी घरातच आहे. ऑफिसनं सुट्टी दिलीय."

"बघा!" आत्याबाई ओरडल्या. "सुट्टी बी दिली मेल्यांनी!"

सुभेदार उभे राहिले. "साहेब! हा काय प्रकार आहे? आम्हाला मुलाचा असा रिपोर्ट नव्हता!"

"कोण बोलतंय?" महेशनं विचारलं.

"तुझं सासरं," सुमन रडवेली होऊन म्हणाली. "व्हणारं हुतं ते."

"अरे वा! त्यांना सांग, अजिबात काळजी करू नका. इथं थंडीत अशा चार-पाच तरी येतात!"

यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याला मराठीत शब्द नाही, आणि इंग्रजीत मला विचारू नका. सुभेदार चप्पल शोधायला लागले. मिसेस म्हणाल्या, "तेजू, ऊठ." आत्याबाई जागच्या जागी थरथरत महेशच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. (त्यातल्या बऱ्याचशा त्यांच्या स्वतःच्याच होत्या.) आणि मी, सांगलीतला नामवंत दुभाषी, "तिकडची पद्धत वेगळी असते" हेच वाक्य पुन्हा म्हणत होतो!

इतक्यात तेजश्रीचा रुमाल सुटला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"पप्पा, बसा. मार्था वादळ आहे. वादळाला नाव देतात."

सुभेदारांच्या एका पायात चप्पल, एक हातात.

"आणि केकवाल्या बाईचा नवरा जिवंत आहे. तिचा केक बसला होता."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. टीव्हीच्या मागं एखादा माणूस मावेल का, याचा मी अंदाज घेतला.

"तुला पहिल्यापासून कळत होतं?" मी विचारलं.

"हो काका. पण तुम्ही सांगत होता ते जास्त रंगलं होतं."

सुभेदार खाली बसले. आधी त्यांची मिशी हलली, मग खांदे, आणि मग त्यांनी असा गडगडाट केला की मार्थाही दचकली असती. फोनमधून महेश ओरडत होता, "काय झालं? अरे, मी दिसलो का नाही टीव्हीवर?"

तेव्हा चटईवरून नाना शांतपणे म्हणाले, "दिसला की. आत्ताच येऊन गेला."

"कवा?" सुमन किंचाळली.

"तुमी भांडत हुता तवा. लागली हुती मेंढरांची जत्रा. म्हेश एका मेंढीच्या मागं हुबा हुता."

"आवं नाना, मग हाक मारायची न्हाई व्हय!"

"लय देखणी मेंढी हुती गं," नाना म्हणाले. "तिच्यावरनं नजर काडू वाटंना."

महेश कुणालाच दिसला नाही, पण जाताना सुभेदार सुपारीची तारीख ठरवून गेले. तेजश्रीला मुलगा पसंत होताच, पण असा सासरा साताऱ्यात शोधून मिळायचा नाही, असं ती गाडीत म्हणाली म्हणे.

लग्नाला महेशचे दोन गोरे मित्र आले. सुमननं मला आधीच दम भरला होता, "आवं, त्यांच्यासंगं एक शब्द बोलायचा न्हाई. नुसतं हसायचं." मी हळदीपासून पंगतीपर्यंत गाल दुखेस्तोवर हसत राहिलो. निघताना त्यातला एक जण माझा हात हातात घेऊन महेशला हळूच इंग्रजीत म्हणाला, "तुझ्या बाबांना बिचाऱ्यांना काहीच कळत नाही, पण माणूस किती आनंदी आहे!"

आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खं इंग्रजी वाक्य मला नुसतं ऐकून जसंच्या तसं समजलं!